हॅनोव्हरची कॅरोलिन

हॅनोव्हर म्हटलं की आपल्या मंडळींना आठवतं ते तिथलं औद्योगिक प्रदर्शन. पण याच शहरातल्या गार्टनफ्रीडहोफ या जुन्या दफनभूमीत खगोलशास्त्रज्ञ कॅरोलिन हर्शल चिरविश्रांती घेत आहे. देश सोडून पन्नास वर्षांनी परतलेल्या या बाईची गोष्ट आपल्याला जवळची वाटेल.

तिचा जन्म १६ मार्च १७५० चा. वडील लष्करी बँडमध्ये ओबो वाजवायचे. मुलीनं शिकावं असं त्यांना वाटे, आईला मात्र घरकाम पुरेसं वाटे. दहाव्या वर्षी टायफस झाला आणि उंची सव्वाचार फुटांवरच खुंटली. हिचं लग्न काही व्हायचं नाही, असं घरच्यांनी धरूनच चाललं. अखेर १७७२ मध्ये थोरला भाऊ विल्यम तिला इंग्लंडला, बाथ गावी घेऊन गेला. तिथे ती गाणं शिकली, मैफली गाऊ लागली. विल्यमला मात्र दुर्बिणींचं वेड! १७८१ मध्ये त्यानं युरेनस शोधला, राजानं तनखा बांधून दिला आणि कॅरोलिनचं गाणं मागे पडलं.

आता रात्रीची पाळी सुरू झाली. विल्यम वीस फुटी दुर्बिणीतून पाहून सांगायचा, कॅरोलिन घड्याळ पाहून टिपून घ्यायची आणि दिवसा त्याच्या सुवाच्य प्रती करायची. १७८३ च्या ३१ डिसेंबरला बर्फात पळताना तिच्या मांडीत लोखंडी आकडा घुसला, तरी काम थांबलं नाही. १७८६ ते १७९७ या काळात तिनं स्वतः आठ धूमकेतू शोधले. १७८७ पासून राजानं तिला वर्षाला ५० पौंड पगार सुरू केला. विज्ञानाच्या कामासाठी पगार मिळवणाऱ्या पहिल्या मोजक्या स्त्रियांत तिची गणना होते.

विल्यमनं टिपलेल्या तेजोमेघांपैकी दोन १७८४ च्या सप्टेंबरातले, हंस तारकासमूहातले. ते काय आहेत, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. आज आपण त्यांना 'व्हेल नेब्युला' म्हणतो. हजारो वर्षांपूर्वी फुटलेल्या ताऱ्याचे, म्हणजे सुपरनोव्हाचे, ते अवशेष. असा मोठा तारा फुटला की त्याचा गाभा दबून जेमतेम वीस किलोमीटर रुंदीचा न्यूट्रॉन तारा उरू शकतो. तो लाखो अंश तापलेला असल्यानं क्ष-किरण सोडतो. हे किरण आपलं वातावरण अडवतं, म्हणून ते पाहायला उपग्रह लागतात. १९९० मध्ये सोडलेल्या जर्मन 'रोसॅट'नं या अवशेषाचं क्ष-किरणांत निरीक्षण केलं. पुढच्या दुर्बिणींनीही शोध घेतला, पण त्यातला न्यूट्रॉन तारा अजून खात्रीनं सापडलेला नाही. स्फोटाच्या धक्क्यानं असा तारा केंद्रापासून दूर फेकला जातो, त्यामुळे शोधायचं क्षेत्र वाढतं. आणि कुठे शोधायचं हे कळायला आधी अवशेषाची जागा नेमकी नोंदलेली हवी.

ती शिस्त कॅरोलिनची. १८२२ मध्ये विल्यम वारला आणि बहात्तराव्या वर्षी ती हॅनोव्हरला परतली. पण आठवणीतलं गाव उरलं नव्हतं, तिचं सगळं विश्व इंग्लंडमध्येच राहिलं होतं. त्यात समोरच्या घरांच्या उंच छपरांमुळे आकाशही दिसेना! तरी घरात बसून तिनं भावाच्या सुमारे अडीच हजार तेजोमेघांची यादी आकाशाच्या पट्ट्यांनुसार नव्यानं लावली आणि ती भाचा जॉनला इंग्लंडमध्ये उपयोगी पडली. त्यासाठी १८२८ मध्ये रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीनं तिला सुवर्णपदक दिलं. ते पुन्हा एका स्त्रीला, व्हेरा रुबिनना, मिळायला १९९६ साल उजाडलं. हर्शलांच्या याद्यांवरूनच पुढे १८८८ ची एन.जी.सी. सूची तयार झाली आणि तिचे क्रमांक आजही वापरात आहेत.

आज हॅनोव्हरमध्येच आल्बर्ट आईनस्टाईन संस्थेचे शास्त्रज्ञ गुरुत्वीय लहरींच्या मदतीनं सुपरनोव्हाच्या अवशेषांत न्यूट्रॉन तारे शोधतात.

कॅरोलिन ९ जानेवारी १८४८ रोजी, सत्याण्णवाव्या वर्षी गेली. तिच्या इच्छेनुसार शवपेटीत विल्यमच्या केसांची बट आणि वडिलांचं जुनं पंचांग ठेवलं. कधी हॅनोव्हरला गेलात, तर मुलांना घेऊन तिच्या कबरीपाशी जरूर जा.