ज्ञानकोशकार केतकर

मी आज डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांची माहिती लिहिली आहे. त्यांना ज्ञानकोशकार म्हणतात. शब्दकोशात नुसता शब्दाचा अर्थ असतो. ज्ञानकोशात त्या गोष्टीची सगळी हकिकत असते.

केतकरांचा जन्म २ फेब्रुवारी १८८४ रोजी रायपूर येथे झाला. ते अमरावतीला व मुंबईला शिकले. १९०६ साली ते बोटीने अमेरिकेला गेले. तिथल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकून १९११ साली ते डॉक्टर झाले. औषध देणारे डॉक्टर नव्हेत, अभ्यास करून होतात ते.

तेव्हा जगाची माहिती इंग्रजी पुस्तकांत असायची. ज्याला इंग्रजी येत नाही त्याने काय करायचं? केतकरांनी ठरवलं की सगळी माहिती मराठीत आणायची. पण त्याला पैसा लागतो. म्हणून त्यांनी नागपूरला मंडळी काढली आणि तिचे भाग विकले. नंतर काम पुण्याला आणलं. पुस्तक छापायच्या आधीच वर्गणीदार पाहिजेत, म्हणून ते गावोगाव हिंडले. जे पुस्तक अजून झालंच नाही त्याचे पैसे मागायचे! मला तर हे फार अवघड वाटतं.

एवढं एकट्याने लिहून होत नाही. खूप जणांनी मिळून लिहिलं. यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे त्यात होते. या दोघांनी पुढे मोठा मराठी शब्दकोशपण केला. केतकर सगळ्यांचे मुख्य संपादक. १९२० साली त्यांचे लग्न झाले. पत्नी जर्मन होत्या, त्यांचे नाव शीलवतीबाई ठेवले. १९२९ पर्यंत ज्ञानकोशाचे २३ खंड झाले. केतकरांनी कादंबऱ्यापण लिहिल्या. १० एप्रिल १९३७ रोजी ते पुण्याला वारले.

छापलेल्या पुस्तकाची एक अडचण असते. ज्ञानकोश १९२९ ला पुरा झाला आणि प्लूटो सापडला १९३० ला. मग तो त्यात कसा असणार? आमच्या बाबांच्या पुस्तकात नऊ ग्रह होते. २००६ साली शास्त्रज्ञांनी प्लूटोला ग्रहांतून काढलं, म्हणून आमच्या पुस्तकात आठच आहेत.

आता मोबाइलवर विकिपीडिया आहे. मराठी विकिपीडिया २००३ साली सुरू झाला. तोपण खूप जण मिळून लिहितात, पण त्याला केतकरांसारखे एक मुख्य संपादक नाहीत. कोणीही लिहू शकतो. चूक दिसली तर दुसरा माणूस ती लगेच दुरुस्त करू शकतो, पण तोपर्यंत जो वाचेल तो चूकच वाचतो. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी आम्ही तोच वाचतो. गुरुजी म्हणतात, पानाच्या खाली कोणत्या पुस्तकातून घेतलं ते लिहिलेलं असतं, ते आधी बघा. खाली काहीच नसेल तर आम्ही ते वहीत उतरवत नाही. त्याने वेळ फार जातो.

आमच्या गावाचं पान आम्ही गुरुजींच्या मोबाइलवर पाहिलं. त्यात तालुका, जिल्हा एवढ्या दोनच ओळी आहेत. बारवेचं नाव नाही, यात्रेचं नाही, शाळेचंपण नाही. बारव कोणी बांधली ते आजोबांना माहीत आहे. पण आजोबांचं सांगणं खाली कसं लिहायचं, ते पुस्तक थोडंच आहे? म्हणून गुरुजी आणि आम्ही चौघं शनिवारी शाळा सुटल्यावर बारवेवरचा दगडी लेख वाचायला जाणार आहोत. अक्षरं झिजलीत, खडू लावून बघू.

– इयत्ता ४ थी