अण्णासाहेब कर्वे : एका गृहस्थाचे चरित्र



आमगाव, सालेकसा, देवरी ह्या बाजूंच्या मंडळ्यांस भेटी देत फिरत असता एक गाऱ्हाणे आमच्या कानी वरचेवर येते. उपदेशक गावोगाव हिंडतो, परक्यांची मुले शिकवितो, दुखणाईतांच्या उशाशी बसतो. आणि घरी त्याची पत्नी म्हणते की, आमच्या लेकरांकडे पाहण्यास ह्यांस वेळ कधी मिळावयाचा? ह्या प्रश्नास आमच्यापाशी चटकन देण्याजोगे उत्तर नाही. परंतु तो ऐकला म्हणजे आम्हांस एका थोर गृहस्थाचे स्मरण होते. ते ख्रिस्ती नव्हते. तथापि त्यांच्या घरातही हाच प्रश्न पुष्कळ वर्षे विचारला जात होता. ते गृहस्थ म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. घरची मंडळी त्यांस अण्णा म्हणत.

त्यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी कोकणात, आजोळी शेरवली येथे झाला, आणि बाळपण समुद्रकाठच्या मुरूड गावी गेले. घरची स्थिती बेताची, आणि स्वभाव अतिशय भिडस्त. वयाच्या सतराव्या वर्षी एका परीक्षेस बसावयाचे म्हणून ते सोबत्यांसह सह्याद्रीचा घाट चढून साताऱ्यास पायी गेले. हे अंतर शंभर मैलांहून अधिक, म्हणजे आमच्या गोंदियाहून नागपूर जितके दूर आहे त्याहूनही लांब. चार दिवस चालून तेथे पोहोचावे, तो परीक्षकांनी त्यांची लहानखुरी चण पाहून हा मुलगा सतरा वर्षांचा नव्हेच असे ठरविले व त्यांस परत पाठविले! पुढे मॅट्रिक होण्यास त्यांस तेविसावे वर्ष लागले. १८८४ साली गणित विषय घेऊन ते पदवीधर झाले. ज्यांची मुले आज एखाद्या इयत्तेत मागे पडली आहेत, त्या आईबापांनी एवढे ध्यानात ठेवावे.

त्या काळच्या रीतीप्रमाणे त्यांचा विवाह लहानपणीच राधाबाईंशी झाला होता. १८९१ साली राधाबाई वारल्या आणि नऊ वर्षांचा रघुनाथ आईवाचून राहिला. त्याच वर्षी कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणिताचे अध्यापक झाले. तिशी उलटलेल्या विधुराने दहाबारा वर्षांची कुमारिका करावी हा त्या वेळचा परिपाठ होता, आणि त्यास कोणी नावे ठेवीत नसे. कर्वे ह्यांनी मात्र लग्न करीन तर विधवेशीच, असा निश्चय केला.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी ह्यांची बहीण गोदूबाई बालपणीच विधवा झाली होती. पंडिता रमाबाईंनी १८८९ साली मुंबईस शारदा सदन काढले, तेव्हा तेथे दाखल झालेली पहिली विधवा विद्यार्थिनी हीच होय. रमाबाईंचे नाव ठाऊक नाही असे ख्रिस्ती घर आमच्या इलाख्यात विरळा; परंतु त्यांच्या हाताखाली शिकलेली ही पहिली विधवा पुढे कोणाच्या घरची गृहिणी झाली, हे फार थोड्यांस माहीत असते. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा पुनर्विवाह झाला व गोदूबाईंचे नाव आनंदीबाई असे ठेवण्यात आले. पुढे त्यांस सर्व मंडळी बाया म्हणत.

नवरानवरी मुरूडास गेली तेव्हा गावाने सभा भरवून त्यांस वाळीत टाकले. कर्व्यांसह कोणी एका बैठकीस बसू नये, आणि घरच्यांनी त्यांस थारा दिल्यास त्या घरावरही बहिष्कार घालावा, असे ठरले. वाळीत पडणे म्हणजे काय, हे आमच्या वाचकांस समजावून सांगण्याचे कारण नाही. ज्यांच्या आजापणजांनी विहिरीवरून रिकामी घागर परत आणिली, त्यांस त्या वृद्ध मातेची अवस्था कळेल. मुलगा चोरीमारी करून आलेला नव्हता, धर्माने लग्न करून आला होता. तथापि त्यास उघडपणे घरात घेण्याची तिला मुभा नव्हती. ज्या गावच्या कामासाठी कर्वे आपल्या मिळकतीतून नेमाने पैसे बाजूस काढीत असत, तेच हे गाव.

१८९६ साली त्यांनी अनाथ बालिकाश्रम स्थापिला, आणि १९०० साली तो पुण्याबाहेर हिंगणे येथील माळावर एका झोपडीत नेला. दिवसा कॉलेजात गणित शिकवावे, सायंकाळी लागणारे सामान घेऊन चिखलाच्या वाटेने पायी हिंगण्यास जावे, रात्री त्या अनाथ मुलींच्या सोबतीस राहावे, आणि सकाळी पुन्हा शहरास परतावे, असा त्यांचा क्रम होता. आणि त्यांची बायकोमुले? ती पुण्यात राहत. आपली पाच हजार रुपयांची विम्याची पॉलिसीदेखील त्यांनी आश्रमाच्या नावे करून दिली. आपल्या पश्चात कुटुंबास आधार म्हणून असलेली ही पुंजी हातची गेली, तेव्हा बायांस वाईट वाटले व राग आला. आमच्या मते तो राग रास्त होता. थोर पुरुषांची चरित्रे लिहिणारे अशा जागी लेखणी लवकर पुढे नेतात. आम्ही तसे करू इच्छीत नाही. परंतु बायांनी संसार सोडिला नाही की कार्यही सोडिले नाही. त्यांनी काटकसरीने घर चालविले, मुले वाढविली, आणि वर संस्थेसाठी वर्गणीही गोळा केली. त्यांनी लिहिलेले आत्मचरित्र ज्यास मिळेल त्याने अवश्य वाचावे.

आणखी एक उणे सांगितले पाहिजे. हा आश्रम आरंभी वरिष्ठ जातींच्या विधवांपुरताच होता. आमच्या लोकांच्या मुलींस तेथे दार नव्हते. कर्वे हे भांडकुदळ सुधारक नव्हते. पालक बिचकतील अशा गोष्टी ते टाळीत, आणि म्हणूनच पुनर्विवाहाचे कार्यही त्यांनी आश्रमापासून वेगळे ठेविले. मात्र १९४४ साली, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, जातिभेद मोडावा म्हणून त्यांनीच समता संघ काढला. फार उशीर झाला हे खरे. पण त्या वयात बहुतेक माणसे नवे काही मनात आणीतही नाहीत.

१९१६ साली त्यांनी स्त्रियांचे विद्यापीठ स्थापन केले. आरंभी विद्यार्थिनी पाच होत्या. १९२० साली सर विठ्ठलदास ठाकरसी ह्यांनी पंधरा लक्ष रुपयांची देणगी जाहीर केली, आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई ह्यांचे नाव विद्यापीठास मिळाले. सत्तरी ओलांडल्यावर कर्वे जगप्रवासास निघाले, युरोप, अमेरिका व जपान पाहून आले, आणि नंतर बायांसह आफ्रिकेतही जाऊन आले. १९३६ साली, ज्या खेड्यांत शाळा नाही तेथे ती काढावी म्हणून त्यांनी एक मंडळ स्थापिले, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा हा म्हातारा पुण्यात दारोदार फिरून त्यासाठी पैसे मागू लागला.

आता मुलांविषयी. थोरले रघुनाथराव ह्यांनी संततिनियमनाचा पुरस्कार केला, त्यापायी प्राध्यापकाची जागा गमाविली, आणि मरेपर्यंत आपले मासिक एकट्याने चालविले. शंकरराव आफ्रिकेत मोंबासा येथे डॉक्टर झाले. दिनकरराव फर्ग्युसन कॉलेजाचे प्राचार्य झाले, आणि भास्करराव हिंगण्याच्या कामात राहिले. दिनकररावांच्या पत्नी इरावतीबाई ह्यांस १९२८ साली उच्च शिक्षणासाठी जर्मनीस पाठवावयाचे ठरले, तेव्हा स्त्रीशिक्षणास जन्म वाहिलेल्या ह्या सासऱ्यांस ते रुचले नाही! मुलाने त्यांचे न ऐकता पत्नीस पाठविले, आणि ती विदुषी होऊन आली. ह्या गोष्टीने आम्हांस हसूही येते आणि धीरही येतो. ज्याने स्वतः गावाचा शब्द मोडिला, त्याचाही शब्द मोडणारा पुत्र त्याच्याच घरी निपजला. इरावतीबाईंच्या मुली, म्हणजे अण्णांच्या नाती, जाई व गौरी ह्या पुढे नामांकित लेखिका झाल्या. ज्या पुरुषाने मुलींच्या हाती पाटी यावी म्हणून झोळी फिरविली, त्याच्या नातींच्या हाती लेखणी आली.

दीर्घायुष्य हे वरदान खरे, परंतु त्याचे मोलही भरावे लागते. १९५० साली, सत्तावन्न वर्षांच्या संसारानंतर, बाया निवर्तल्या. १९५३ साली रघुनाथराव गेले. लहानपणी आईवाचून राहिलेला तो मुलगा बापाच्या आधी गेला, आणि पंचाण्णव वर्षांच्या पित्यास ते पाहावे लागले. १९५८ साली शंभर वर्षे पूर्ण झाली तेव्हा सरकारने त्यांस भारतरत्न ही पदवी दिली, आणि ते हयात असताच त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढिले. हा मान पाहण्यास बाया नव्हत्या.

९ नोव्हेंबर १९६२ रोजी पुण्यास, वयाच्या एकशे चाराव्या वर्षी, अण्णांनी देह ठेविला. ज्या माळावर ते चिखल तुडवीत रात्री सोबतीस जात असत, तेथे आता शहर पसरले आहे, आणि त्या वस्तीस कर्वेनगर म्हणतात.