विश्लेषण : मुंबईचं जगणं पहिल्यांदा पडद्यावर आणणारे सावेदादा कोण होते?

एका शहराच्या पाच-दहा छोट्या गोष्टी एकत्र बांधून केलेले सिनेमे आता मोबाइलवर सहज बघायला मिळतात. ‘पॅरिस, ज तेम’ (२००६) हा त्यातला सर्वांत गाजलेला. त्यात १८ छोटे चित्रपट आहेत आणि प्रत्येक चित्रपट पॅरिसच्या वेगळ्या भागात घडतो. मग ‘न्यूयॉर्क, आय लव्ह यू’ आला. आपल्याकडे ‘बॉम्बे टॉकीज’ (२०१३) आला, ‘मॉडर्न लव्ह : मुंबई’ (२०२२) आली. हा प्रकार परदेशातून आला असं सरसकट म्हटलं जातं. पण मुंबईतल्या माणसांचे, प्रसंगांचे छोटे छोटे चित्रपट करून ते एकापाठोपाठ एक दाखवायचं काम एका मराठी माणसानं सव्वाशे वर्षांपूर्वी केलं होतं. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे त्यांचं नाव. लोक त्यांना सावेदादा म्हणत.

सिनेमाच्या इतिहासात त्यांचं नाव पहिल्या पानावर येतं आणि पुढच्याच ओळीत दादासाहेब फाळके सुरू होतात. त्यामुळे सावेदादांचं काम नेमकं काय होतं, ते थांबलं का आणि त्यातलं आज काहीच का दिसत नाही, हे मागेच राहतं.

सुरुवात कशी झाली?

भाटवडेकरांचा जन्म १८६८ चा, म्हणजे फाळक्यांपेक्षा ते दोन वर्षांनी मोठे. मुंबईत त्यांचा फोटो स्टुडिओ होता. त्या काळी फोटो काढून घेणं हा घरातला सोहळा असे. माणसं ठेवणीतले कपडे घालून येत आणि काच हलू नये तशी श्वास रोखून बसत. स्थिर माणसं टिपण्यात हात बसलेल्या या छायाचित्रकारानं १८९६ च्या जुलैमध्ये हलणारी माणसं पाहिली.

७ जुलै १८९६ रोजी काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रपटांचा भारतातला पहिला खेळ झाला. तिकीट होतं एक रुपया. ल्युमिएंचा माणूस मारियुस सेस्तिए ऑस्ट्रेलियाला जाता जाता मुंबईत उतरला होता. स्टेशनात शिरणारी आगगाडी, कारखान्यातून बाहेर पडणारे कामगार, समुद्रात डुंबणारी मंडळी असे सहा तुकडे दाखवले गेले. एकेक तुकडा जेमतेम मिनिटभराचा. आठवड्याभरात खेळ नॉव्हेल्टी थिएटरात हलले आणि तिथे चार आण्यांपासूनची तिकिटं निघाल्यावर सामान्य मुंबईकरालाही ते परवडू लागले.

यातली एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. या खेळांनंतर दोन-अडीच महिन्यांतच मांडवी भागात प्लेगचे रोगी सापडले. नंतर कित्येक वर्षं तो मुंबईतून हटला नाही. घरं रिकामी झाली, गिरण्या ओस पडल्या, लोक गाठोडी घेऊन गावाकडे निघाले. सावेदादांचा सगळा चित्रीकरणाचा काळ या प्लेगच्या वर्षांमधला आहे. त्यांनी मात्र आपला कॅमेरा कुस्ती, माकडवाला आणि बंदरावरच्या स्वागताकडे वळवला. धंद्याचं गणित म्हणा किंवा स्वभाव, पण ज्या शहरात रोज प्रेतयात्रा निघत होत्या, त्या शहराची हौसमौज त्यांनी टिपली.

पहिला चित्रपट कुस्तीचाच का?

सावेदादांनी इंग्लंडच्या रायली कंपनीचा कॅमेरा २१ गिनींना मागवला. तेव्हाच्या दरानं ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. छायाचित्रणाचा धंदा चांगला चालत असल्याशिवाय हे धाडस करणं शक्य नव्हतं.

कॅमेरा हातानं फिरवायचा होता. तो तिकाटण्यावर एका जागी उभा राही. फिल्म जेमतेम मिनिटभर पुरे आणि प्रकाश फक्त सूर्याचा. अशा यंत्रापुढे काय चालेल? धावणारा घोडा चौकटीबाहेर निघून जाईल, नाटकातला नट आवाजाशिवाय फिका पडेल. कुस्ती मात्र एका वर्तुळात राहते, सतत हलते, बघणाऱ्याला शब्दांची गरज लागत नाही. शिवाय मुंबईत तालमींचं वेड होतंच. १८९९ मध्ये मलबार हिलवरच्या हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती लावली गेली आणि ती सावेदादांनी चित्रित केली. भारतीयानं भारतात केलेल्या अगदी सुरुवातीच्या चित्रीकरणात तिची गणना होते.

फिल्म धुण्याची सोय इथे नव्हती. ती बोटीनं लंडनला पाठवावी लागली. सुएझमार्गे जायला दोन-तीन आठवडे, परत यायला तेवढेच. आपण काय टिपलं आहे, काही टिपलं तरी आहे का, हे कळायला महिने लागणार. आज रील टाकल्यावर दहा मिनिटांत लाइक मोजणाऱ्या वाचकानं ही वाट पाहणं जरा मनात आणून बघावं.

त्या मधल्या काळात सावेदादा हात बांधून बसले नाहीत. त्यांनी प्रोजेक्टर घेतला आणि परदेशी चित्रपटांचे खेळ लावायला सुरुवात केली. कुस्तीची फिल्म परत आल्यावर ती याच खेळांत घातली गेली. दुसरा चित्रपट होता माकडं आणि त्यांना शिकवणारा मदारी यांचा. म्हणजे एका बैठकीत प्रेक्षकाला लंडनचा रस्ता दिसे, फ्रान्समधली गंमत दिसे आणि मध्येच आपल्याच टेकडीवरची कुस्ती. तेव्हाचा खेळ असाच तुकड्यातुकड्यांचा असे. सलग कथेचा लांब चित्रपट नंतर आला. या अर्थानं ‘अँथॉलॉजी’ ही सिनेमाची मूळची रीत आहे.

‘लोकल सीन्स’ म्हणजे काय?

सिनेमाच्या इतिहासाच्या नोंदींत सावेदादांच्या १९०१ च्या कामाला ‘लोकल सीन्स’ असं नाव दिलेलं आढळतं. इथली दृश्यं, एवढाच त्याचा अर्थ. त्यात ब्रिटिश संसदेतले पारशी सदस्य सर मंचेरजी भावनगरी यांचं मुंबईत उतरणं आहे. पारशी समाजाच्या आतश बेहरामचं, म्हणजे अग्निमंदिराचं, चित्रण आहे. आणि सर्वांत गाजलेलं म्हणजे रँग्लर परांजपे यांचं आगमन.

रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे दापोलीजवळच्या मुर्डी गावचे. १८९९ मध्ये केंब्रिजच्या गणिताच्या परीक्षेत ते सीनियर रँग्लर झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. इंग्रजांच्या सर्वांत अवघड परीक्षेत कोकणातला मुलगा पहिला आला, याचा आनंद महाराष्ट्रानं घरचं लग्न असल्यासारखा साजरा केला. १९०१ च्या डिसेंबरमध्ये ते मुंबईत परतले तेव्हा स्वागताला जमलेल्या गर्दीत सावेदादांचा कॅमेरा होता. भारतातला पहिला वृत्तपट म्हणून या फिल्मचा उल्लेख होतो.

योगायोग असा की याच परांजप्यांची नात सई परांजपे पुढे चित्रपट दिग्दर्शक झाली आणि तिनं ‘कथा’ (१९८३) मध्ये चाळीतलं जगणं पडद्यावर आणलं.

परांजप्यांच्या स्वागतानंतर वर्षभरातच सावेदादा दिल्लीला गेले. १ जानेवारी १९०३ रोजी सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त लॉर्ड कर्झननं भरवलेला दरबार त्यांनी चित्रित केला. हत्ती, संस्थानिक, तोफांच्या सलाम्या. दुष्काळ आणि प्लेगनं पोळलेल्या देशात केलेल्या या उधळपट्टीवर काँग्रेसच्या व्यासपीठावरून टीका झाली. रँग्लरचं स्वागत आणि साम्राज्याचा डामडौल एकाच कॅमेऱ्यानं टिपला, हे आज खटकतं. पण सावेदादा ना चळवळीतले होते, ना सरकारी नोकर. लोक काय बघायला येतील, हे ओळखणारे ते छायाचित्रकार होते. गर्दी दोन्हीकडे होती.

स्वतःला पडद्यावर बघण्याची ओढ

लोक स्वतःचं गाव, स्वतःची माणसं पडद्यावर बघायला पैसे देतात, हे त्याच वर्षांत इंग्लंडमध्येही कळलं होतं. मिचेल आणि केन्यन ही जोडगोळी गिरणी सुटताना फाटकापाशी कॅमेरा लावी. तेच चित्रण मग जत्रेत दाखवलं जाई आणि आपला चेहरा दिसेल म्हणून गिरणी कामगार सहकुटुंब येत.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वाचकाला ही ओढ वेगळी समजावून सांगायची गरज नाही. धानाची कापणी उरकली की मंडई, शंकरपट आणि त्याला जोडून रात्रभर रंगणारी झाडीपट्टीची नाटकं, हा इथला दरवर्षीचा क्रम आहे. वडशाच्या नाट्यमंडळांना गावोगाव सुपाऱ्या मिळतात, याचं एक कारण त्या रंगमंचावर आपली बोली आणि आपल्या घरातला पेच दिसतो हे आहे. हातात स्मार्टफोन आला तरी त्या मांडवातली गर्दी पांगलेली नाही. सावेदादांनी शहरात जे ओळखलं, ते झाडीपट्टीच्या मंडळांना कुणी शिकवावं लागलं नाही.

मग ते थांबले का?

१९०७ च्या सुमारास सावेदादांनी चित्रपट करणं सोडलं. पुढे त्यांनी बोरीबंदर स्टेशनसमोरचं गेइटी थिएटर चालवलं, जे नंतर कॅपिटॉल म्हणून ओळखलं गेलं.

एका कलावंतानं दुकान थाटलं, अशी ही गोष्ट सांगता येईल, पण ती अर्धवट ठरेल. त्या वर्षांत धंद्याची घडीच बदलत होती. पाथे या फ्रेंच कंपनीच्या फिल्म भारतात सहज मिळू लागल्या होत्या. परदेशातून तयार माल येत असताना स्वतः फिल्म विकत घ्यायची, चित्रीकरण करायचं, धुवायला विलायतेला पाठवायची आणि महिन्यांनी एक मिनिटाचं चित्र हाती यायचं, याचा हिशेब बसत नव्हता. शिवाय रँग्लर रोज परत येत नाहीत. पैसा पडदा ज्याच्या मालकीचा त्याच्याकडे जात होता आणि सावेदादांनी ते वेळीच ओळखलं. कोलकात्यात हिरालाल सेन यांनी १८९८ मध्ये रॉयल बायोस्कोप कंपनी काढली होती. ते चित्रीकरणाला धरून राहिले, कर्जात बुडाले आणि १९१७ मध्ये गेले.

कथापट करण्याचा प्रयत्न सावेदादांनी का केला नाही, हा प्रश्न मात्र उरतो. १९१२ मध्ये दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ आला, ३ मे १९१३ रोजी फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’. पुंडलिक हे सावेदादांच्या पैलवानाचं नाव, हरिश्चंद्र त्यांचं स्वतःचं. नावं जुळली, वाट वेगळी राहिली. फाळक्यांनी दागिने पणाला लावून कथा सांगणारा सिनेमा उभा केला. त्यांना जनकत्वाचा मान मिळाला तो रास्तच आहे. पण सिनेमा म्हणजे कथा, असं एकदा ठरल्यावर रस्त्यावरचा माणूस टिपणारे आधीचे लोक आपोआप प्रस्तावनेत ढकलले गेले.

काय उरलं?

सावेदादांच्या चित्रपटांपैकी आज काहीही बघायला मिळत नाही. कुस्ती नाही, मदारी नाही, बंदरावरची गर्दी नाही. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती चटकन पेट घेते आणि पेटली नाही तरी उष्ण, दमट हवेत हळूहळू चिकट होऊन तिची भुकटी होते. मुंबईची हवा तिला वैरीणच. पुरेशी काळजी घेतली तरी धोका टळत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातसह अनेक जुन्या चित्रपटांची रिळं गेली. हिरालाल सेन यांचं काम तर त्यांच्या मृत्यूच्या वर्षीच आगीत संपलं होतं.

मिचेल आणि केन्यन यांचं नशीब वेगळं निघालं. १९९४ मध्ये ब्लॅकबर्न गावात एका दुकानाच्या तळघरात पत्र्याची पिंपं सापडली आणि त्यांत आठशेहून अधिक रिळं होती. गिरणी सुटल्यावर कॅमेऱ्याकडे बघून हसणारी १९०१ मधली पोरं आज कुणालाही बघता येतात. गिरणगाव मुंबईतही होतं.

सावेदादा मात्र खूप जगले. त्यांच्या डोळ्यांदेखत सिनेमा बोलू लागला, ‘श्यामची आई’ला १९५४ मध्ये राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. १९५७ मध्ये हृषीकेश मुखर्जींचा ‘मुसाफिर’ आला. त्यात एकाच भाड्याच्या घरात एकामागून एक राहायला येणाऱ्या तीन कुटुंबांच्या तीन गोष्टी आहेत. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, नव्वदीच्या उंबरठ्यावर सावेदादांचं निधन झालं. जुने चित्रपट शोधून जतन करणारं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात सुरू झालं ते १९६४ मध्ये.