लॅब्रेडॉरच्या रंगाचं गणित मांडणारा शास्त्रज्ञ सिगारेट कंपन्यांच्या कामाला कसा लागला?

लॅब्रेडॉरची जोडी काळीकुळकुळीत, पण पिल्लं मात्र काळी, पिवळी आणि चॉकलेटी. असं झालं की मालकाला पहिली शंका येते ती शेजारच्या कुत्र्याची. पण हे अगदी नियमात बसणारं आहे आणि ते नियम एकत्र मांडणाऱ्या शास्त्रज्ञाचं नाव होतं क्लॅरेन्स कुक लिटल.

लिटल यांचा जन्म १८८८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला. हार्वर्डमध्ये शिकताना १९०९ मध्ये त्यांनी उंदरांच्या भावंडांचाच पिढ्यानपिढ्या संकर करायला सुरुवात केली. त्यातून तयार झालेला 'डीबीए' वाण आजही प्रयोगशाळांमध्ये वापरला जातो. त्याचं नावही रंगांच्या जनुकांवरूनच पडलं. पुढे ते मिशिगन विद्यापीठाचे अध्यक्ष झाले आणि १९२९ साली त्यांनी मेन राज्यात जॅक्सन लॅबोरेटरी उभी केली.

कुत्र्यांच्या रंगावरचं त्यांचं पुस्तक १९५७ साली आलं. लॅब्रेडॉरपुरतं त्यातलं गणित सोपं आहे. 'बी' जनुक काळा की चॉकलेटी हे ठरवतं आणि त्यात काळा वरचढ असतो. 'ई' जनुक तो रंग केसांत उतरू देतं. आईवडील दोघांकडूनही 'ई'चं दुबळं रूप आलं, तर बाकी काहीही असो, पिल्लू पिवळंच होतं. म्हणून काळ्या जोडीच्या पोटात तिन्ही रंग लपलेले असू शकतात, पण दोन पिवळ्यांना काळं पिल्लू होत नाही.

मात्र नियम कळले म्हणून फक्त रंगासाठीच जोड्या लावल्या, तर निवडीला कुत्रे कमी उरतात. ब्रिटनमधल्या लॅब्रेडॉरवर २०१८ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात चॉकलेटी कुत्र्यांचं मध्यक आयुष्य १०.७ वर्षं, तर इतर रंगांच्या कुत्र्यांचं १२.१ वर्षं निघालं. चॉकलेटी कुत्र्यांत कानाचे आणि कातडीचे आजारही जास्त होते. रंगाच्या हट्टापायी हे दुखणं पदरात येत असावं, असा संशोधकांचा अंदाज आहे.

लिटल यांचा स्वतःचा हट्ट याहून घातक होता. जोड्या लावण्याचं हे तर्कशास्त्र त्यांनी माणसांनाही लावलं. ते अमेरिकन युजेनिक्स सोसायटीचे अध्यक्ष होते आणि काही लोकांची नसबंदी करावी या मताचे होते. कॅन्सरविरोधी संस्थेचं काम अनेक वर्षं सांभाळलेला हाच माणूस १९५४ साली तंबाखू कंपन्यांनी उभ्या केलेल्या संशोधन समितीचा वैज्ञानिक प्रमुख झाला. सिगारेटमुळे कॅन्सर होतो हे सिद्ध झालेलं नाही, असं ते सांगत राहिले आणि कारण आनुवंशिकतेत शोधत राहिले. कंपन्यांना दुसरं काय हवं होतं?

१९७१ मध्ये त्यांचं निधन झालं. २०१८ साली मिशिगन विद्यापीठाने आपल्या इमारतीवरून त्यांचं नाव काढून टाकलं. लॅब्रेडॉरच्या डीएनए चाचणीच्या अहवालात 'बी' आणि 'ई' ही अक्षरं मात्र अजूनही छापली जातात.