सुधीन्द्रनाथ दत्त : प्रतीकवादी कवीचे मौन

प्रतीकवादी कवी शब्दाचे स्वातंत्र्य सर्वश्रेष्ठ मानतो. राजसत्तेला व विचारप्रणालीला मात्र शब्दाकडून सेवा हवी असते. या संघर्षात युक्रेनचे कवी पाव्लो तिचिना (१८९१–१९६७) यांची वाणी सोविएत राजवटीच्या अधीन झाली. १९१८ मधील त्यांच्या पहिल्या संग्रहातील नादमयतेची जागा पुढे पक्षस्तुतीने घेतली. १९४३ मध्ये ते युक्रेनचे शिक्षणमंत्रीही झाले. त्याच काळात कलकत्त्यात सुधीन्द्रनाथ दत्त (१९०१–१९६०) यांच्यापुढे हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा होता.

वेदान्ताचे अभ्यासक हीरेन्द्रनाथ दत्त यांचे हे पुत्र. काशीत शालेय शिक्षण व स्कॉटिश चर्च महाविद्यालयातून पदवी घेतल्यानंतर एम. ए. आणि कायदा हे दोन्ही अभ्यासक्रम त्यांनी अपुरे सोडले. १९२९ मध्ये रवीन्द्रनाथांसमवेत जपान व अमेरिकेचा प्रवास करून ते यूरोपात गेले. १९३१ मध्ये त्यांनी ‘परिचय’ हे नियतकालिक सुरू केले. त्याच्या शुक्रवारच्या बैठकीत भौतिकशास्त्रज्ञ सत्येन्द्रनाथ बसूंपासून मार्क्सवादी तरुणांपर्यंत सर्वांना मुक्तद्वार होते.

‘तन्वी’ (१९३०), ‘अर्केस्ट्रा’ (१९३५), ‘क्रन्दसी’ (१९३७) आणि ‘उत्तरफाल्गुनी’ (१९४०) या संग्रहांतून त्यांची संस्कृतप्रचुर, काटेकोर छंदोबद्ध शैली घडली. भावनेच्या उत्स्फूर्ततेपेक्षा शब्दाची अचूक निवड त्यांना मोलाची वाटे. मालार्मेचा काव्यादर्श हेच आपले उद्दिष्ट असल्याचे त्यांनी पुढे ‘संवर्त’च्या प्रस्तावनेत मान्य केले.

तथापि या शब्दनिष्ठेचा अर्थ जगाकडे पाठ फिरवणे असा नव्हता. युद्धकाळात लिहिलेल्या ‘संवर्त’ या दीर्घ कवितेत हिटलर-स्टालिन मैत्री आणि ट्रॉट्स्कीची हत्या यांचे थेट उल्लेख येतात. कलकत्त्याचे अनेक साहित्यिक सोविएत संघाकडे आशेने पाहत असता हे लिहिणे म्हणजे सहकाऱ्यांपासून दुरावणे होते. १९४३ मध्ये ‘परिचय’ डाव्या गटाच्या हाती गेले आणि बारा वर्षे जोपासलेले व्यासपीठ त्यांनी गमावले.

पुढे ‘स्टेट्समन’ व दामोदर खोरे महामंडळ येथील नोकऱ्यांत वर्षे गेली. ‘उत्तरफाल्गुनी’नंतर तेरा वर्षांनी, १९५३ मध्ये, ‘संवर्त’ हा संग्रह निघाला. त्यामागून मालार्मे, व्हालेरी, हायने इत्यादींच्या अनुवादांचा ‘प्रतिध्वनि’ (१९५४) आणि अखेरचा ‘दशमी’ (१९५६) हे संग्रह आले. शेवटच्या वर्षांत त्यांनी जादवपूर विद्यापीठाच्या तुलनात्मक साहित्य विभागात अध्यापन केले.

त्यांची काव्यसंपदा अल्प आहे. परंतु त्या अल्पतेतच त्यांच्या निष्ठेची साक्ष मिळते. तिचिनांना बोलत राहणे भाग पडले. सुधीन्द्रनाथांना गप्प राहण्याची मुभा होती आणि तिचे मूल्य त्यांनी ओळखले होते. कवीच्या स्वातंत्र्याचा विचार करताना त्याने काय लिहिले याबरोबरच, न लिहिण्याचा अधिकार त्याला होता किंवा नाही, हेही पाहावे लागते.