संगीतसूर्य केशवराव भोसले

केशवराव भोसले यांचा जन्म ९ ऑगस्ट १८९० रोजी कोल्हापूर येथे झाला. पितृछत्र लवकर हरपल्यामुळे लहानपणीच ते नाटक मंडळीत दाखल झाले. कोवळ्या वयातच त्यांनी शारदेची भूमिका गाजविली. १९०८ साली, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, त्यांनी हुबळी येथे 'ललितकलादर्श' ही स्वतःची मंडळी काढली आणि अनेक नवी नाटके रंगभूमीवर आणली.

त्याच काळी बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळीही लोकप्रिय होती. या दोघांत श्रेष्ठ कोण, यावर रसिकांत वाद रंगत. परंतु १९२१ साली लोकमान्यांच्या स्मरणार्थ टिळक स्वराज्य फंड उभा राहिला, तेव्हा त्याच्या साहाय्यार्थ हे दोन प्रतिस्पर्धी एकत्र आले. ८ जुलै रोजी मुंबईत खाडिलकरांच्या 'मानापमान' नाटकाचा संयुक्त प्रयोग झाला. केशवराव धैर्यधर झाले, तर बालगंधर्व भामिनी. देशकार्यापुढे दोघांनीही आपला मानापमान दूर ठेवला.

पुढे तीनच महिन्यांनी, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव निवर्तले. वय अवघे एकतीस. तो संयुक्त प्रयोग मात्र मराठी रंगभूमीच्या इतिहासात अमर झाला.