वाटेवरची कसोटी

अहिल्यानगरहून तिसगावकडे येताना करंजीचा घाट लागतो. तेथे अनुभवी चालकाचे डोळे रस्त्यावर असतात, परंतु कान यंत्राकडे असतात. इंजिनाचा आवाज बदलला, पाणी तापले किंवा ब्रेक नीट लागेना, की गाडीत काय बिघडले असावे, हे तो ताडतो. मोटारीच्या इतिहासातील पहिल्या दीर्घ प्रवासात ही परीक्षा एका स्त्रीने दिली. तिचे नाव बर्था बेंझ.

बर्थाचा जन्म ३ मे १८४९ रोजी जर्मनीतील प्फोर्झहाइम या गावी झाला. १८७२ साली कार्ल बेंझ या ध्येयवेड्या यंत्रज्ञाशी तिचा विवाह झाला. विवाहापूर्वीच तिने आपल्या हुंड्यातील रक्कम त्याच्या कारखान्यासाठी दिली होती. १८८६ साली कार्लने आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट मिळविले. परंतु घोड्यावाचून धावणाऱ्या त्या गाडीवर लोकांचा विश्वास बसेना. गिऱ्हाईक मिळेना. ही गाडी दूरचा पल्ला गाठू शकते, हे दाखवून देणे आवश्यक होते.

१८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यात एके दिवशी पहाटे, पतीला न कळविता, बर्था आपल्या ऑयगेन व रिचर्ड या मुलांसह गाडी घेऊन निघाली. मानहाइमहून तिचे माहेर शंभराहून अधिक किलोमीटर दूर होते. वाटेत ना पेट्रोलपंप, ना दुरुस्तीचे दुकान!

मध्येच इंजिनाला इंधन मिळेनासे झाले. नळी तुंबली होती. बर्थाने टोपीला लावलेली लांब पिन काढून नळी साफ केली. पुढे ठिणगीसाठी वीज नेणाऱ्या तारेचे आवरण झिजलेले आढळले. त्यावर तिने पायमोज्याचा पट्टा गुंडाळला. इंजिन थंड ठेवणारे पाणी आटत असे. ते वारंवार भरावे लागे. वीस्लोख येथे औषधांच्या दुकानातून तिने इंधन विकत घेतले. साखळी लोहाराकडून दुरुस्त करविली. चढणीवर मुले खाली उतरून गाडी ढकलीत. उतारावर लाकडी ब्रेक झिजले, तेव्हा जोडे शिवणाऱ्या कारागिराकडून तिने त्यांवर चामडे ठोकून घेतले.

सायंकाळी गाडी प्फोर्झहाइमला पोहोचली. बर्थाने तारेने कार्लला ही वार्ता कळविली. वाटेत आढळलेल्या उणिवाही तिने पुढे त्याला सांगितल्या. त्यांनुसार गाडीत सुधारणा झाल्या. चढणीसाठी आणखी एक गिअर बसविण्यात आला. बिघाडच सुधारणेचे मार्गदर्शक ठरले.

वयाची ९५ वर्षे पूर्ण झाल्यावर दोनच दिवसांनी, ५ मे १९४४ रोजी, बर्थाचे निधन झाले. आज मोटारीतील दिवे व काटे बिघाडाची सूचना देतात. परंतु ती मिळताच गाडी सुरक्षित जागी थांबवून, न गोंधळता कारण शोधण्याचे काम माणसालाच करावे लागते. साधनांवाचून बर्थाने तेच केले होते.